निवेदन कोण करणार?

कुलसचिवांच्या केबिनच्या दारापर्यंत बाईंनी वाक्य घोकून घोकून गुळगुळीत केलं होतं. 'सर, यंदा निवेदन मी करणार नाही.' आधी 'कृपया' नाही, मागे 'जमलं तर' नाही. आत जायचं, म्हणायचं, बाहेर यायचं.

आत गेल्या तर कुलसचिव फोनवर. त्यांनी हातानेच 'बसा' म्हटलं, हातानेच चहा मागवला आणि फोन ठेवून तोंडभर हसले.

"या, या! तुमचीच आठवण काढत होतो. वर्षारंभाचा कार्यक्रम तोंडावर आला आणि बाई अजून भांडायला कशा आल्या नाहीत म्हटलं!"

"भांडायला नाही सर. यंदा ज्या निवृत्तांचा सत्कार आहे त्यांच्यात मी पण आहे."

"आहात ना! अहो, अभिनंदन!"

"म्हणजे मग निवेदन..."

"एकदम सोपं आहे." कुलसचिवांनी पेपरवेट उचलला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. "ह्या तुम्ही. माईकपाशी." स्टेपलर मधोमध ठेवला. "हे कुलगुरू, पदक घेऊन उभे. तुम्ही बाकीच्यांची नावं घेतलीत, शेवटी स्वतःचं घेतलंत, की..." त्यांनी पेपरवेट सरकवत सरकवत स्टेपलरला नेऊन भिडवला आणि तसाच मागे आणला. "पदक घेतलं, परत माईकवर, लगेच आभार. कार्यक्रम कुठे अडकतच नाही!"

बाई टेबलाकडे बघत राहिल्या. सत्कार बरेच पाहिले होते त्यांनी, पण इतका चटकन उरकलेला पहिलाच.

"सर, दुसरं कोणी बघितलं तर?"

"दुसरं कोण? तुमच्यासारखा आवाज आहे का कोणाचा? नाव सांगा, आत्ता बोलावतो."

इथेच दरवेळी घोडं पेंड खायचं. बाईंनी तोंड उघडलं. गुळगुळीत केलेलं वाक्य जिभेवर आलं आणि गुळगुळीतच असल्यामुळे की काय, घसरून परत पोटात गेलं.

"बघते," त्या म्हणाल्या.

बाईंचं 'बघते' म्हणजे 'हो'. हे कुलसचिवांना माहीत होतं, चहा घेऊन आलेल्या शिपायाला माहीत होतं आणि बाईंना तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

*

हे लोढणं गळ्यात पडलं ते एका घसा बसलेल्या माणसापायी. बाई तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या विभागात नव्या नव्या लागलेल्या. वर्षारंभाच्या दिवशी विद्यापीठाच्या नेहमीच्या निवेदकाच्या घशातून फक्त हवा येऊ लागली. तेव्हाचे कुलसचिव व्हरांड्यातून सैरावैरा धावत होते. बाई वर्गात शिकवत होत्या, दार उघडं होतं. कुलसचिव दारात थबकले, कान टवकारले आणि म्हणाले, "तुमचा आवाज चांगला आहे."

बाई लाजल्या. म्हणाल्या, "कशाचं काय!" तो दिवस आणि आजचा दिवस.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्या दिवशी त्यांनी निवेदन वाईट केलं असतं तर आयुष्य वेगळं गेलं असतं. पण वाईट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग पाहुणे आले की बाई, पारितोषिकं वाटायची की बाई, कोणी वारलं की शोकसभेला बाई. त्यांच्या आवाजात दुःख फार शोभून दिसतं, असं एका दिवंगत प्राध्यापकाच्या मेहुण्याने त्यांना मुद्दाम येऊन सांगितलं होतं. आग लागल्याची तालीम असली तरी बाईच: 'कृपया धावू नका, रांगेने उतरा.' लोक इतक्या समाधानाने उतरत की एकदा खरोखर धूर झाला तेव्हाही कोणी घाई केली नाही.

नव्या इमारतीत लिफ्ट बसली तेव्हा तिच्यातसुद्धा बाईंचाच आवाज भरला. 'दार बंद होत आहे.' 'तिसरा मजला.' त्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी बाई लिफ्टमध्ये शिरायच्या आणि स्वतःच स्वतःला सांगायच्या की दार बंद होत आहे. नवी मुलं त्यांना 'लिफ्टबाई' म्हणायची. धिटुकली एखादी तोंडावर म्हणायची, "मॅडम, एकदा 'तिसरा मजला' म्हणा ना!" आणि बाई म्हणायच्याही. काय करणार? मुलं आनंदाने टाळ्या वाजवायची.

त्या शिकवतात काय, हे मात्र विभागाबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. त्या शेवाळ शिकवायच्या. दगडावरचं, भिंतीवरचं, नळाखालचं. त्यांचा वर्षाचा पहिला तास ठरलेला असे. वाळून कागदासारखा झालेला शेवाळाचा तुकडा काचेवर ठेवायचा, प्रत्येक टेबलावर एक. पाण्याचा थेंब सोडायचा आणि भिंगातून बघायला सांगायचं. मेल्यासारखी आकसलेली इवली पानं बघता बघता हलायची, उलगडायची, हिरवी व्हायची. मुलांच्या तोंडून 'अरे!' एवढंच निघायचं. त्या तासाला बाई अक्षर बोलत नसत. भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. अख्ख्या विद्यापीठात त्यांना तोंड बंद ठेवायची मुभा असलेली ती एकच जागा.

*

"मग नाही म्हणालीस का?" संध्याकाळी यजमानांनी विचारलं. ते दातांचे डॉक्टर. दवाखाना मुलीवर सोपवला होता, पण समोरच्याचं तोंड बारकाईने बघायची सवय गेली नव्हती.

"बघते म्हणाले."

"झालं! म्हणजे तू माईकला आणि सत्कारही तुझाच. नवरदेवानेच वाजंत्री वाजवायची!"

"हसू नका हो. स्वतःचा परिचय लिहायला बसलेय मघापासून. 'यांनी' लिहू की 'मी' लिहू, तेच कळेना."

"लिही, 'यांचा आवाज विद्यापीठाच्या कानाकोपऱ्यात पोचला. घरात मात्र हाक मारली तर ओ येत नाही.'"

"अहो!"

"माझ्याकडे बघ. माझ्यासमोर येईल तो आ वासतो आणि बोलत कोणीच नाही. सुखी माणूस मी." मग ते जरा गंभीर झाले. "खरं सांग, तुला काय हवंय? पदक तर मिळणारच आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. टेबलावर बाकीच्यांचे परिचय सुबक अक्षरांत तयार होते. प्रत्येकासाठी त्यांनी विभागात फोन केले होते, जुने विद्यार्थी गाठले होते, नेमकं आणि गोड असं काहीतरी शोधून काढलं होतं.

"मला ना, एकदा त्या खुर्चीत बसायचंय," त्या म्हणाल्या. "इतरांसारखं. हात मांडीवर ठेवून. आणि दुसऱ्या कोणीतरी माझं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ह्या बाईंनी शेवाळ शिकवलं. ते मी ऐकायचं. बस."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते मागून कसं घेणार? मागितलं की मलाच लिहून द्यायला सांगतील."

यजमान म्हणाले, "तुझ्या विभागातली ती पोरगी? बडबडी? ती बोलते की छान."

बाईंनी मान वर केली. हे त्यांना कसं सुचलं नाही!

*

बडबडी म्हणजे बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, आता विभागात शिकवणारी. ऐकताक्षणी उडी मारून म्हणाली, "मॅडम, मी करते! तुम्ही मस्त बसायचं, रुबाबात! कुलसचिवांना मी सांगते, कसे नाही म्हणतात बघू."

बाईंना भरून आलं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. म्हणाल्या, "मग एकदा तालीम करूया? रिकाम्या सभागृहात?"

ही चूक झाली. आणि ती बाईंखेरीज कोणाच्या हातून झालीच नसती.

बडबडी माईकपाशी उभी राहिली, बाई पहिल्या रांगेत बसल्या. मुलीने गणिताच्या सरांचा परिचय सुरू केला. "गणित विभागाचे माजी प्रमुख..."

"थांब. नाव शेवटी. आधी काम सांगायचं, मग थांबायचं, मग नाव."

"बरं. ज्यांनी..."

"श्वास आधी घे. माईकमध्ये घेऊ नकोस, शेवटच्या रांगेला ऐकू जातो."

"बरं. ज्यांनी अनेक पिढ्यांना गणिताची..."

"'अनेक पिढ्या' नको. सगळ्यांना लागू पडतं ते. सरांचं काय? फळ्यावर गणित चुकलं की सर विद्यार्थ्याला नाही, खडूला रागवायचे. ते घे."

"बरं मॅडम. ... आणि आता नाव घेऊ?"

"थांब अजून. लोकांनी अंदाज बांधेपर्यंत थांबायचं. हां... नाही, आता उशीर झाला."

असं चाललं. बाईंना थांबवतच नव्हतं. तोंडावर हात ठेवला तरी बोटांच्या फटीतून सूचना बाहेर पडत होत्या. मुलगी चढत्या क्रमाने हिरमुसत गेली. शेवटी कागद घडी करून खाली उतरली आणि अगदी मायेने, बाईंचा हात धरून म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? तुम्हीच करा. तुमच्यासारखं कोणालाच जमायचं नाही."

"अगं, छान करत होतीस तू!"

"खडूच्या वाक्यापर्यंत सतरांदा टोकलंत मला." ती हसत होती, पण डोळे पाणावले होते. "दुसऱ्या कोणी केलेलं तुम्हाला ऐकवणार आहे का सांगा. आणि मी चुकले तर? तुमच्याच सत्काराला?"

ती गेल्यावर बाई रिकाम्या सभागृहात बसून राहिल्या. बाहेरच्याने कडी घातली असती तर दार वाजवता आलं असतं, आरडाओरडा करता आला असता. आतून आपणच घातलेल्या कडीचं काय करायचं?

*

वर्षारंभाचा दिवस उजाडला. नव्या मुलांनी सभागृह खचाखच भरलं होतं. जुने जाताना नव्यांनी बघावेत, म्हणून निवृत्तांचा सत्कार याच दिवशी करायचा, अशी विद्यापीठाची रीत. व्यासपीठावर उंच पाठीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. गणिताचे सर आधीच येऊन बसले होते, समारंभाच्या झग्याच्या बाह्या वर सारून, परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तसे.

बाईंनी डोळ्यांनीच खुर्च्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या मुकादमाला गाठलं.

"एक खुर्ची कमी आहे."

"नाही बाई, बरोबर आहे. यादीप्रमाणे लावल्यात. तुम्हाला सोडून."

"मला का सोडून?"

मुकादम खरोखर गोंधळला. "तुम्ही कधी बसता?"

"आज बसणार."

"कधी?"

पण मुकादम भला माणूस. धावत गेला आणि कुठूनशी एक लोखंडी घडीची खुर्ची आणून रांगेच्या टोकाला, गणिताच्या सरांशेजारी उघडली. "उंचवाल्या संपल्या," म्हणाला. "ही जरा करकरते. अलगद बसा."

बसायचं कुठलं! दिवे मंद झाले आणि बाई माईकवर गेल्या. 'नमस्कार' म्हणाल्या आणि सगळं सभागृह एका श्वासात गप्प झालं. मागच्या रांगेतून कोणीतरी कुजबुजलं, "अरे, लिफ्ट!" आणि हशाची एक बारीक लाट उठून विरली. बाईंनी तिलाही सवयीने थोडी जागा दिली आणि मग पुढे गेल्या.

कुलगुरूंचं भाषण झालं. सत्कार सुरू झाले. बाईंचा आवाज लोण्यासारखा चालला होता. गणिताच्या सरांच्या खडूवर सभागृह हसलं, थांबलं, आणि नाव येताच टाळ्यांचा कडकडाट झाला. दरवर्षी बाईंच्या निवेदनाला 'साखरपाक' म्हणून नाक मुरडणारे सर, पदक घेताना नाक ओढत होते. एकेक नाव येत गेलं. एकेक माणूस उठला, उभा राहिला, आपल्याबद्दल ऐकता ऐकता थोडा लहान झाला, थोडा लाल झाला, परत येऊन बसला.

मग बाईंच्या हातात शेवटचा कागद उरला.

तो त्यांचा स्वतःचा. त्यावर नीट लिहिलं होतं. आधी काम, मग विराम, मग नाव. फक्त वाचायचं होतं. कुलगुरू पदक घेऊन उभे होते. विंगेत कुलसचिव बोट फिरवत होते: चला, चला, पुढे.

बाईंनी श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच माईकमध्ये घेतला. शेवटच्या रांगेला ऐकू गेला. आणि त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य आपल्याच्याने म्हणवणार नाही. घाबरून नव्हे. आजही आपणच म्हटलं तर ते कोणी म्हटलंच नाही, असं होईल.

त्यांनी कागदाची घडी केली, झग्याच्या खिशात घातली, आणि चालत जाऊन लोखंडी खुर्चीत बसल्या. खुर्ची करकरली. सभागृहभर ऐकू आली.

शांतता पसरली. लोकांना वाटलं, विराम आहे. बाईंचे विराम प्रसिद्ध होते. लोक वाट बघत राहिले.

गणिताचे सर मान न वळवता पुटपुटले, "काय झालं? चक्कर आली?"

"नाही सर."

"मग?"

"माझं नाव यायचंय."

"घ्या की मग."

"मी नाही घेणार."

सरांनी यावर विचार केला. "मग कोण घेणार?"

"तेच बघतेय."

"हं," सर म्हणाले. "उत्तर येईलसं दिसत नाही."

बाईंनी हात मांडीवर ठेवले. पायांना माईककडे धाव घ्यायची होती. त्यांनी पाय खुर्चीच्या गजाखाली अडकवले. शांतता आता विरामासारखी राहिली नव्हती, फाटत चालली होती. कोणी खोकलं. मुलांत चुळबुळ सुरू झाली. कुलगुरूंनी पदक या हातातून त्या हातात घेतलं. शेवटी विंगेतून कुलसचिवच ढकलल्यासारखे बाहेर आले. माईक त्यांच्या छातीशी होता. त्यांनी तो वर केला, माईक किंचाळला, त्यांनी खाली केला.

"हां. तर. यानंतर आता..." त्यांनी बाईंकडे अजिजीने पाहिलं. बाई समोर बघत होत्या. "यानंतर आपल्या लाडक्या बाई. ज्यांचा आवाज... म्हणजे आवाज तर आपण सगळेच... लिफ्टमध्ये पण..."

सभागृह फुटलं. "तिसरा मजला!" कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळ्यांनीच एका सुरात, बाईंच्याच ढंगात, "दार बंद होत आहे!" टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. मुलं प्रेमाने वेडी झाली होती. बाई उठल्या. बसून ऐकायचं होतं ते असं ऐकू आलं. ओळखीचं, आपुलकीचं, आणि त्यात शेवाळाचा कणही नव्हता. त्यांनी गळ्यात पदक घालून घेतलं, कुलगुरूंशी हात मिळवला. कुलसचिवांनी लगबगीने माईकची जागा मोकळी केली आणि दोन्ही हातांनी त्यांना वाट दाखवली, या, या.

बाई त्या रिकाम्या जागेपाशी आल्या. पाऊल सवयीने तिकडे वळलंसुद्धा. मग त्या तिला वळसा घालून पुढे गेल्या आणि परत खुर्चीत जाऊन बसल्या.

कुलसचिवांना पुन्हा माईक धरावा लागला. "आता... आभार. मी आभार मानतो. कोणाचे, ते... एक मिनिट..." ते खिसे चाचपू लागले.

बाईंचा जीव तुटत होता. आधी पाहुण्यांचे, मग सत्कारमूर्तींचे, सगळ्यांत शेवटी मुलांचे. ओठांवर आलेलं त्यांनी दातांनी दाबून धरलं. गळ्यातलं पदक जड होतं आणि थंड होतं.

"तुम्ही त्या शेवाळवाल्या ना?" शेजारून आवाज आला.

बाईंनी चमकून पाहिलं. गणिताचे सर अजूनही समोरच बघत होते.

"माझ्या गच्चीवर येतं," सर म्हणाले. "दरवर्षी. मागे मी आपटलो त्यावरून. बायको म्हणते, ॲसिड ओता. कोणाला तरी विचारायचं होतं, पण विचारणार कोणाला? तुम्ही दिसायचात ते कायम माईकवर. काय टाकू?"

बाईंना हसू की रडू कळेना. "ॲसिड नका टाकू सर, फरशी खाईल ते."

"मग?"

"बाई..." माईकमधून कुलसचिवांचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. "बाई, जरा येता का?"

डोकी वळली. कुलगुरूही वळले. बाईंनी ऐकलं. त्या थोड्या सरांकडे झुकल्या, खुर्ची पुन्हा करकरली, आणि त्यांनी अगदी हळू, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं,

"आधी मला नीट सांगा. मखमलीसारखं हिरवं आहे, की काळपट, बुळबुळीत? कारण काळपट असेल तर ते शेवाळ नाहीच सर, ते वेगळंच काहीतरी आहे."

"हिरवंही आहे," सर विचार करत म्हणाले. "कडेकडेने."

"हात लावून बघितलंत?"

"हात कशाला लावू?"

"लावायचा," बाई म्हणाल्या. "ऐका आता..."